केऑस म्हणजे गोंधळ?



भारतवारी आटोपून परत आलं की सोमवारी ऑफिसातला प्रश्न ठरलेला असतो, "कशी झाली ट्रिप?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं. "मस्त! घरचे भेटले, लग्न झालं, खाणंपिणं झालं. बाकी तुला माहीतच आहे, केऑस!" समोरचा समजूतदारपणे मान हलवतो आणि विषय संपतो. त्याच दिवशी दुपारच्या मीटिंगमध्ये रखडलेल्या रिलीजबद्दल कुणीतरी तोच शब्द वापरतं. संध्याकाळी घरी मुलांच्या खोलीचं दार उघडल्यावर पुन्हा तोच. रात्री बातम्यांमध्ये विमानतळावर अडकलेले प्रवासी दाखवतात, खाली पट्टी असते, 'केऑस ॲट एअरपोर्ट'.

पुण्याचा लक्ष्मी रस्ता, रखडलेला प्रोजेक्ट, पसरलेली खेळणी आणि रद्द झालेली विमानं, सगळं एकाच शब्दात बसायला लागलं की मनात शंकेची पाल चुकचुकते. एकाच एरर मेसेजखाली चार वेगवेगळे बग दडलेले असावेत तसं काहीसं. म्हणून या शब्दाचा थोडा माग काढला. हाती लागलं ते सगळ्यांना सांगावंसं वाटलं, कारण हा नुसता व्युत्पत्तीचा खेळ नाही. या शब्दाच्या वापरात आपण, विशेषतः देशाबाहेर राहणारे आपण, एक चूक सर्रास करतो असं मला वाटतं. ती कुठली, ते ओघात येईलच.

आ वासलेली पोकळी

शब्द ग्रीक आहे. इंग्रजीत आपण 'केऑस' म्हणतो, ग्रीक उच्चार 'खाओस'च्या जवळचा. इ. स. पूर्व ७०० च्या सुमाराला हेसिअड नावाचा ग्रीक कवी होऊन गेला. देवांची वंशावळ सांगणारं 'थिऑगनी' हे काव्य त्याचं. त्यात सृष्टीच्या आरंभी सगळ्यात पहिलं काय झालं, तर खाओस. त्यानंतर गाया म्हणजे पृथ्वी, मग तार्तारस हे खोल पाताळ, आणि इरॉस म्हणजे प्रेम. पुढे खाओसपासून अंधार आणि रात्र जन्माला आले.

आता गंमत बघा. हेसिअडच्या या खाओसमध्ये गोंधळ कुठेच नाही. गोंधळ व्हायला आधी काही वस्तू तर हव्यात! ग्रीकमध्ये ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ तोंड उघडणे, जांभई देणे. म्हणजे मराठीत सांगायचं तर 'आ वासलेली पोकळी'. इंग्रजीत खोल दरीला जो 'कॅझम' शब्द आहे तो याचाच सख्खा भाऊ. जांभईचा 'यॉन' आणि मध्येच पडलेल्या खंडाचा 'हायेटस' हे चुलत घराण्यातले. सगळ्यांत एकच कल्पना आहे, मध्ये मोकळी पडलेली जागा.

मग अव्यवस्थेला ग्रीक लोक काय म्हणायचे? त्यांच्याकडे त्यासाठी वेगळे शब्द होते. त्यातला एक 'अटॅक्सिया'. 'टॅक्सिस' म्हणजे रचना, रांग, सैन्याची मांडणी. ती नसणे म्हणजे अटॅक्सिया. आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना हा शब्द ओळखीचा असेल. हालचालींचा ताळमेळ सुटून चाल अडखळते त्या लक्षणाला आजही अटॅक्सिया म्हणतात. म्हणजे 'क्रमाचा अभाव' सांगणारा खरा ग्रीक शब्द न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात जाऊन बसला आणि 'पोकळी' सांगणारा शब्द त्याच्या जागेवर आला.

ही अदलाबदल घडण्यात मोठा हात ओव्हिड या रोमन कवीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण सन ८ मध्ये, पूर्ण झालेल्या त्याच्या 'मेटॅमॉर्फसिस'ची सुरुवात केऑसपासूनच होते. पण त्याचा केऑस रिकामा नाही. त्यात माती, पाणी, हवा, उष्णता सगळं आहे, फक्त एकमेकांत कालवलेलं आणि आपसात भांडणारं. मग एक देव येऊन ते वेगवेगळं करतो, प्रत्येकाला जागा देतो, आणि जग तयार होतं. रिकाम्या खोलीची अशी अडगळीची खोली झाली. मध्ययुगीन युरोपात लॅटिन शिकणारा प्रत्येक जण ओव्हिड वाचायचा, त्यामुळे पुढे हाच अर्थ चालला. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीला आला तो 'पोकळी' या अर्थाने. 'निव्वळ गोंधळ' हा अर्थ त्याला चिकटला तो सोळाव्या शतकात.

विरुद्धार्थी शब्दही बघण्यासारखा आहे. केऑसच्या उलट 'कॉसमॉस'. आपण तो विश्व या अर्थाने वापरतो, पण ग्रीकमध्ये 'कोस्मोस' म्हणजे आधी नीटनेटकी मांडणी, सजावट. म्हणूनच 'कॉस्मेटिक्स' हा शब्दही त्याच घरातला. विश्व म्हणजे मांडून, सजवून ठेवलेली गोष्ट, ही त्यामागची दृष्टी.

स्वयंपाकघरातला केऑस

एक आडवाट घेतो, कारण ती चुकवण्यासारखी नाही. सतराव्या शतकात ब्रसेल्सचा यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट हा रसायनाचा अभ्यासक कोळसा जाळून त्यातून काय निघतं ते बघत होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या, भांड्यात कोंडून न राहणाऱ्या त्या पदार्थाला नाव हवं होतं. त्याने प्राचीनांच्या 'खाओस'वरून एक शब्द बनवला. डच भाषेत 'ग' हे अक्षर घशातून, आपल्या 'ख'च्या जवळपास उच्चारतात, त्यामुळे त्याने तो 'ग'ने लिहिला. तो शब्द म्हणजे 'गॅस'. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, मुलाने वडिलांचं लिखाण छापलं आणि शब्द युरोपभर पसरला.

तेव्हा यापुढे आईने फोनवर "गॅस संपलाय, नंबर लावलाय" असं सांगितलं तर समजा, घरातला केऑस संपलाय!

इंग्रजीत अव्यवस्थेसाठी शब्दांचा तुटवडा नाही, आणि बहुतेकांच्या मागे काहीतरी प्रत्यक्ष जागा किंवा प्रसंग आहे. 'बेडलम' हा लंडनच्या बेथलेहेम रुग्णालयाचा अपभ्रंश. १२४७ साली स्थापन झालेली ही संस्था पुढे मनोरुग्णांसाठी ओळखली गेली. 'शॅम्बल्स' म्हणजे मुळात मांस विकायचे बाक, मग कत्तलखाना. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात त्या नावाची जुनी गल्ली अजून आहे. 'हॅवक' ही सैन्याला लूट सुरू करायला सांगणारी आरोळी. 'पॅन्डेमोनियम' तर मिल्टनने १६६७ च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये सैतानाच्या राजधानीसाठी घडवलेला शब्द, सगळ्या राक्षसांचं ठिकाण. आणि 'ॲनार्की' म्हणजे शासक नसणे. आपला 'अराजक' अगदी त्याच घडणीचा आहे, अ आणि राजा.

आपल्या शब्दांचं काय?

अराजकाची कल्पना आपल्याकडे नीट मांडलेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि महाभारताच्या शांतिपर्वात ती सापडते. दंड करणारा कुणी नसला की मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून त्याला मत्स्यन्याय म्हणायचं. त्याहून जुनी कल्पना वेदातल्या 'ऋत'ची. ऋत म्हणजे विश्वाचा क्रम, ज्यामुळे सूर्य वेळेवर उगवतो. त्याच्या उलट 'अनृत', ज्याचा आज अर्थ होतो खोटं. म्हणजे क्रम मोडणं आणि खोटं बोलणं आपल्या पूर्वजांच्या लेखी एकाच जातीचं. विनाशाची, विघटनाची जी वैदिक देवता, तिचं नाव निर्ऋती. तिचा संबंध ऋताच्या अभावाशी जोडला जातो. तिची दिशा कुठली? नैर्ऋत्य! ज्या दिशेकडून आपला मोसमी पाऊस येतो ती. ही निर्ऋती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मराठीत तर इतिहासच शब्द होऊन बसला आहे. 'अनागोंदी' हा शब्द तुंगभद्रेकाठच्या, हंपीसमोरच्या आनेगुंदीवरून आला असं सांगतात. १५६५ साली विजयनगरचा पाडाव झाला. एका वैभवशाली राज्याच्या जुन्या राजधानीचं नाव आपल्या तोंडी उरलं ते ढिसाळ कारभारासाठी. 'भाऊगर्दी'मागे १७६१ च्या पानिपतावरचे सदाशिवरावभाऊ आहेत. 'मोगलाई' तर आपण अजूनही वापरतो, "मोगलाई लागून गेली आहे काय?"

पण माझा सगळ्यात आवडता शब्द तो, ज्याने डिक्शनरीत केऑसचं भाषांतर केलं जातं. गोंधळ.

ज्यांच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात त्यांना सांगायला नकोच. तुळजाभवानी आणि रेणुका यांच्या उपासनेतलं हे विधिनाट्य. करणारे गोंधळी, त्यांच्यातही कदमराई आणि रेणुराई अशा परंपरा. पाटावर किंवा चौरंगावर चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटवायची. संबळ आणि तुणतुणं लागतं. आधी गणाचं स्तवन, मग एकेका ठिकाणच्या देवाला नाव घेऊन आमंत्रण. आधी कुणाला बोलवायचं, नंतर कुणाला, हे ठरलेलं. मग आख्यान, शेवटी आरती. रात्रभर चालणाऱ्या या कार्यक्रमात कुठलीही पायरी मागेपुढे होत नाही.

आता सांगा, इतक्या काटेकोर क्रमाने चालणाऱ्या गोष्टीचं नाव 'क्रम नसणे' या अर्थाने का वापरायचं? मला वाटतं, शेजारच्या वाड्यात झोपायचा प्रयत्न करणाऱ्याला विधी दिसत नाही, फक्त संबळ ऐकू येतो. ज्याला क्रम माहीत नाही त्याला तो निव्वळ आवाज. बरं, हे एकट्या गोंधळाच्या नशिबी आलेलं नाही. "तमाशा करू नकोस", "भारूड लावू नकोस", "पुराण पुरे" असं आपण सहज म्हणतो. हे सगळे मुळात रचना असलेले प्रकार आहेत, आणि रोजच्या बोलण्यात आपण त्यांची किंमत केली ती बाहेर उभं राहून.

इथेच केऑसची पहिली ग्यानबाची मेख आहे. बऱ्याचदा 'इथे क्रम नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'मला क्रम दिसत नाही' एवढाच असतो.

गणितातला केऑस

आता विज्ञानाने हा शब्द उचलून काय केलं ते बघू. इथे तर अर्थ आणखीच वेगळ्या वळणावर गेला.

१९६१ च्या हिवाळ्यात एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ एका लहानशा संगणकावर, रॉयल मॅकबी एलजीपी-३० वर, हवामानाचं एक सोपं मॉडेल चालवत होते. बारा समीकरणं. एक रन पुन्हा बघायचा होता म्हणून त्यांनी मधूनच सुरुवात केली आणि प्रिंटआउटवरचे आकडे हाताने टाइप केले. मशीनच्या मेमरीत आकडा होता ०.५०६१२७, कागदावर जागा वाचवायला छापला होता ०.५०६. ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन बघतात तर नवा रन सुरुवातीला जुन्याच्या पावलावर पाऊल टाकत होता, मग हळूहळू फाटत गेला, आणि मॉडेलमधल्या दोनेक महिन्यांत दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. मशीन बिघडलं नव्हतं. समीकरणं तीच होती. फरक फक्त दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यापासून पुढचा.

हे घरबसल्या करून बघता येतं. एक्सेल उघडा. पहिल्या रकान्यात ०.३ लिहा. पुढच्या ओळीत त्या आकड्याला (१ वजा तोच आकडा) याने गुणा आणि उत्तराला ४ ने गुणा. म्हणजे ०.८४ येईल. तोच फॉर्म्युला खाली ओढत न्या: ०.५३७६, मग ०.९९४३, मग ०.०२२५. शेजारच्या रकान्यात हेच सगळं, पण सुरुवात ०.३००१ ने. पहिल्या पाच-सहा ओळी दोन्ही रकाने हातात हात घालून चालतात. बाराव्या उत्तराला एकीकडे ०.५५ येतं, दुसरीकडे ०.१५. पुढे बघायलाच नको. फॉर्म्युला एका ओळीचा, त्यात रँडम काहीही नाही, तरीही सुरुवातीच्या एका दशहजारांश फरकाने बारा पायऱ्यांत सगळं बदलून गेलं.

अशी वागणूक गणितात अगदी नवी नव्हती. सूर्य, पृथ्वी, चंद्र अशा तीन गोलांच्या गतीचा प्रश्न सोडवताना फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे १८९० च्या आसपास या चक्रव्यूहाच्या तोंडाशी पोचले होते. पण हाताने आकडेमोड करून आत शिरणं अशक्य होतं, संगणक यावा लागला. लॉरेन्झ यांचा पेपर १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हवामानवाल्यांच्या जर्नलमध्ये बरीच वर्षं पडून राहिला. १९७२ साली वॉशिंग्टनमधल्या परिषदेत त्यांच्या भाषणाला ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्ससमधलं चक्रीवादळ असं शीर्षक मिळालं, तेव्हापासून ते फुलपाखरू हिंदी सिनेमापर्यंत फडफडतंय. आणि 'केऑस' हे नाव? ते १९७५ साली तियेन-यिएन ली आणि जेम्स यॉर्क या दोन गणितज्ञांच्या पेपरच्या शीर्षकातून रूढ झालं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट मे यांनी 'नेचर'मध्ये वरच्यासारखंच एका ओळीचं समीकरण घेऊन हे सगळं जीवशास्त्रवाल्यांनाही समजावलं.

म्हणजे गणितात केऑस याचा अर्थ झाला: नियम पक्के, प्रत्येक पाऊल ठरलेलं, पण सुरुवात जराही चुकीची मोजली तर लांबचं भविष्य हातातून जातं. नियमांचा अभाव इथे मुळीच नाही. उलट नियम नसते तर तो गणिती केऑस झालाच नसता.

आणि आता निर्ऋतीची दिशा. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस कधी पोचेल, किती पडेल, हा आपल्याकडे शेतकऱ्यापासून अर्थमंत्र्यापर्यंत सगळ्यांचा प्रश्न. ढोबळ हंगामाचा अंदाज देता येतो, पण अमुक तारखेला अमुक गावी पाऊस, हे साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही, त्यामागे लॉरेन्झ यांनी दाखवलेली ही मर्यादाच आहे. गंमत अशी, की मर्यादा कळल्यावर हवामानवाले हात टेकून बसले नाहीत. १९९२ पासून युरोप आणि अमेरिका या दोन्हीकडच्या केंद्रांनी पद्धत बदलली. एकच अंदाज काढण्याऐवजी सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम थोडेथोडे फेरफार करून मॉडेल अनेकदा चालवायचं. युरोपियन केंद्र असे पन्नासएक रन घेतं. बहुतेक रन एकाच बाजूला गेले तर अंदाज भरवशाचा, चहूकडे फाकले तर तसं सांगायचं. फोनवर 'पावसाची शक्यता ७० टक्के' दिसतं त्यामागे हा विचार आहे. भविष्य कळत नाही हे मान्य करून, किती कळत नाही ते मोजायचं.

आमच्या धंद्यातही असंच झालं. नेटफ्लिक्सने २०१० च्या सुमाराला 'केऑस मंकी' नावाचा प्रोग्राम लिहिला. तो चालू सर्व्हर मुद्दाम, कुठलाही एक निवडून, बंद पाडतो. कशासाठी? तर खरंच कधी बंद पडला तेव्हा बाकीचे सांभाळून घेतात की नाही ते आधीच, दिवसाउजेडी, सगळे जागेवर असताना कळावं म्हणून. आता त्याला 'केऑस इंजिनियरिंग' म्हणतात. नाव माकडाचं असलं तरी काम फार शिस्तीचं आहे.

तीन केऑस, तीन औषधं

एवढं फिरून आल्यावर माझ्या डोक्यात तीन कप्पे तयार झाले.

पहिला, हेसिअडची पोकळी. जिथे नियम हवा तिथे खरोखरच काही नाही, नुसती आ वासलेली जागा.

दुसरा, गोंधळ. क्रम आहे, पक्का आहे, पण बघणाऱ्याला तो माहीत नाही.

तिसरा, लॉरेन्झ. नियम आहे, तो कळलेलाही आहे, तरीही लांबचं दिसत नाही.

तिघांवर औषध वेगळं. पहिल्यात नियम करावा लागतो आणि पाळावा लागतो. दुसऱ्यात तोंड बंद ठेवून थोडा वेळ बघावं लागतं. तिसऱ्यात जवळचंच बघायचं, वरचेवर बघायचं आणि छत्री जवळ ठेवायची. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पेशंट बरा होत नाही.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे रात्री चालणाऱ्या एका जॉबचं उत्तर कधी बरोबर यायचं, कधी चूक. तीन आठवडे त्यांच्या टीमच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये एकच ओळ असायची, 'केऑटिक बिहेवियर'. ही ओळ लिहिली की पुढे कुणी काही विचारायचं नाही, इतका तो शब्द वजनदार! शेवटी टेस्टिंगमधल्या एका मुलीने वीस रात्रींच्या वेळा कागदावर मांडल्या. चुकलेली प्रत्येक रात्र तीच होती, जेव्हा दुसऱ्या सिस्टिमची फाइल उशिरा पोचली होती. दोन जॉबमध्ये 'आधी हा, मग तो' असं कुणी सांगूनच ठेवलं नव्हतं. शेड्युलरमध्ये एक ओळ घातली, प्रश्न मिटला. तीन आठवडे सगळे त्याला तिसऱ्या कप्प्यात समजत होते, होता तो दुसऱ्यातला, आणि त्याच्या मुळाशी पहिल्यातली एक छोटीशी पोकळी.

जॉबचं ठीक आहे, पण हाच शब्द माणसांबद्दल वापरला की त्याचे परिणाम गंभीर होतात. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. जगभरच्या बातम्यांमध्ये शब्द होता केऑस. पण त्या पुलावर गूढ असं काय होतं? अरुंद जिना, सकाळची गर्दी, अचानक आलेला पाऊस, आडोशाला थांबलेली माणसं आणि मागून एकामागून एक येणाऱ्या लोकल. कारणं एका कागदावर मावतील इतकी. पुढे सैन्याने तिथे नवा पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. जे पाच महिन्यांत होऊ शकलं, ते आधीही होऊ शकलं असतं. 'केऑस' म्हटलं की दोष कुणाचाच राहत नाही, जणू आकाशातून वीज पडली. मला तरी हा त्या शब्दाचा सगळ्यात वाईट उपयोग वाटतो.

तेव्हा 'इंडियन केऑस'बद्दल बोलताना आपण कुठल्या कप्प्याबद्दल बोलतोय ते एकदा स्वतःला विचारावं, असं माझं म्हणणं आहे. पंढरीची वारी बाहेरून बघणाऱ्याला अफाट गर्दी वाटते. पण माउलींच्या पालखीत कुठली दिंडी रथापुढे, कुठली रथामागे, कितव्या क्रमांकावर, हे ठरलेलं असतं. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चांदीचा दंड वर करतो आणि टाळमृदंगांचा तो सगळा कल्लोळ क्षणात शांत होतो. १८९० पासून चालत आलेली मुंबईची डबेवाल्यांची पद्धत बघा. स्टेशनबाहेर डब्यांचा ढीग दिसतो, पण प्रत्येक डब्यावर अक्षरं, आकडे आणि रंग यांची खूण असते, आणि ज्याला ती वाचता येते त्याच्यासाठी तो ढीग नसून पत्ता असतो. हे दुसऱ्या कप्प्यातलं. इथे नाक मुरडायचं कारण नाही, वाचायला शिकायला हवं.

पण म्हणून सगळ्याच गोष्टींवर 'अहो, त्यातही एक व्यवस्था असते' असं कौतुकाने म्हणायचं का? तेही नको. परदेशात राहून मायदेशाबद्दल हळवं होण्याची आपल्याला जरा जास्तच सवय असते. रस्त्यांचं बघा. सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. उलट दिशेने येणारी गाडी, फुटपाथवर चढलेली स्कूटर, हेल्मेटशिवाय मागे बसलेलं पोर, यात कुठला संबळ वाजत नाहीये. नियम कागदावर आहे, आणि कागद आणि रस्ता यांच्यामध्ये एक आ वासलेली पोकळी आहे. हा हेसिअडचा केऑस. तो भरूनच काढावा लागतो, आणि त्याचं कौतुक करणं म्हणजे जीव गमावणाऱ्यांची थट्टा.

हे सगळं लिहायचं आणखी एक कारण म्हणजे आपली पुढची पिढी. इथे वाढणारी मुलं मराठी शब्द आपल्याकडून शिकतात, तशी भारताबद्दलची विशेषणंही आपल्याकडूनच उचलतात. दर दोन वर्षांनी सुट्टीत गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला आजीच्या घरचं लग्न केऑस वाटणं साहजिक आहे. दीडशे माणसं, तीन स्वयंपाकी, मांडवात एकाच वेळी पाच जणांचं बोलणं. त्या वेळी आपण "येस, टोटल केऑस" म्हणून हसलो, तर त्याच्यापुरता विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी शेजारी बसवून सांगितलं, की बघ, आता मामा येऊन नवरीला घेऊन जाईल, मग अंतरपाट धरतील, मग मंगलाष्टकं, आणि तू अक्षता कधी टाकायच्या ते मी सांगतो, तर पुढच्या लग्नात तोच दुसऱ्याला सांगेल. आणि त्याच मुलाने रस्ता ओलांडताना घाबरून तोच शब्द वापरला, तर मात्र त्याला 'सवय होईल' म्हणू नये. त्याचं बरोबर आहे, असं सांगावं.

शब्द एकच, पण एका ठिकाणी तो मुलाच्या अज्ञानातून आलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला दिसलेल्या सत्यातून. फरक कुठला ते सांगणं हे आपलं काम.

असो. लांबलं बरंच. अव्यवस्थेसाठी मराठीत बजबजपुरी, अंदाधुंदी, बेबंदशाही, सावळागोंधळ, झोटिंगशाही असे कितीतरी शब्द आहेत, आणि कोकण, खानदेश, वऱ्हाड, मराठवाड्यातले घरगुती शब्द तर वेगळेच असणार. तुमच्या घरी आजी किंवा आजोबा पसाऱ्याला, घोटाळ्याला काय म्हणायचे ते जरूर कळवा. शक्य झालं तर तो शब्द त्यांनी तीन कप्प्यांपैकी कुठल्यासाठी वापरला तेही लिहा. सगळ्यांचे शब्द एकत्र करून पुन्हा पाठवीन.

चू. भू. द्या. घ्या. लोभ आहेच, तो वाढावा.